उंटाला तुमचा सलाम पोचला

मोहम्मद बिन झायद सिटी, अबुधाबी
७ डिसेंबर

साडूभाई अक्रम यांना,

अस्सलामु अलैकुम. इकडे आम्ही चौघं अल्लाच्या मेहेरबानीने बरे आहोत. तुमचा गुडघा आणि तुमचं सिमेंटचं दुकान, दोन्ही धडधाकट असावीत. नबिलाला तिच्या बहिणीची, शहनाझची, आणि माझी दुआ सांगावी. (अम्मींची, आपल्या सासूबाईंची, शुगर विचारणार होतो, पण परवा फोनवर त्यांनीच मला माझी विचारली, तेव्हा त्या ठणठणीत आहेत.) मोबाईलच्या जमान्यात हा माणूस कागद का खराब करतोय, असं तुम्हाला वाटेल. कारण असं की तुमचा मोबाईल नबिला उघडते, नबिलाला कळलं की अम्मींना कळतं, आणि अम्मींना कळलं की संध्याकाळपर्यंत ते म्हसळ्याच्या मासळीबाजारात पोचतं. म्हणून आमच्या वर्कशॉपमधला तहा सुट्टीवर येतोय, त्याच्या हाती हे पत्र तुमच्या दुकानावर पाठवतोय. घरी नेऊ नये.

आधी मनातलं सांगून टाकतो. साडूभाई, मी तुमच्यावर जळतो. बावीस वर्षं झाली, आपल्या खानदानात ‘बाहेर’ म्हटलं की अन्वर, असा हिशेब होता. तुम्ही गोण्या मोजायच्या आणि मी विमानातून उतरायचं. आणि मग सिमेंट कंपनीने स्कीम काढली, तुम्ही गोण्या जास्त खपवल्यात आणि थेट शाही रेल्वेत जाऊन बसलात. नऊ दिवस समरकंद, बुखारा, खिवा. जिथे हजार वर्षांपूर्वी उंटांवरून रेशीम आणि मसाले यायचे, तिथे आता म्हसळ्याचा सिमेंटवाला पितळी दिव्याखाली बसून सूप पितो आणि त्याचे फोटो आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर रोज नऊ वाजता येतात. (रोज नऊलाच का, हे मला अजून कळलेलं नाही. मी जेवायला बसतो तीच वेळ.)

तेही गिळलं असतं. पण परत जाताना तुम्ही दोघं दोन दिवस आमच्याकडे उतरलात आणि आमच्या हॉलमध्ये बॅग उघडलीत. बॅग उघडायचा मान माझा आहे, साडूभाई. मी म्हसळ्याला येतो, खुर्चीत बसतो, सगळे भोवती जमतात, मी एकेक वस्तू काढतो आणि नावं घेतो. ही रीत आहे. त्या दिवशी खुर्चीत तुम्ही होतात आणि सतरंजीवर मी. मला जरीची टोपी, शहनाझला बुखाऱ्याचा रेशमी रुमाल, दोन्ही मुलांना, अयान आणि एमानला, सुके जर्दाळू. मी ‘माशाल्ला’ म्हणालो ते तुम्हाला ऐकू गेलं असेल, त्यानंतर पोटात जे दुखलं ते नसेल. टोपी मला अगदी बरोबर बसते, याचाही मला रागच आला.

आता पुढचं वाचताना दुकानातलं गिऱ्हाईक आधी वाटेला लावा. मी मुसफ्फात ज्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये फोरमन आहे, तिथे सध्या एक डबा बनतोय. रेल्वेचाच. कुणी बडे लोक वाळवंटातून अशीच शाही गाडी चालवायच्या विचारात आहेत, त्यांना दाखवायला आम्ही पूर्ण आकाराचा एक नमुन्याचा डबा शेडमध्ये उभा केलाय. चाकं नाहीत, इंजिन नाही, पण आतून तुमच्या गाडीच्या तोंडात मारील असा. सागवानी भिंती, पितळी दिवे, मखमली खुर्च्या. (ती मखमल मीटरला तीनशे ऐंशी दिरहम, म्हणजे नऊ हजार रुपये. मी स्वतः कापलीय, कापण्याआधी पाचदा मोजून.) खिडक्यांमागे वाळवंटाचं छापील चित्र लावलंय, वाळूच्या टेकड्या आणि एक उंट. बाथरूमही आहे, पण त्याला पाणी जोडलेलं नाही, ते फक्त बघायचं.

इकडच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत शेड बंद होती. स्टोअरकीपर सुदेशकडून मी तासाभरासाठी किल्ली मागितली, शहनाझला जरीकामाचा ड्रेस घालायला लावला, बिर्याणीचा डबा घेतला आणि मुलांना म्हटलं, यल्ला, चला, ट्रेनमध्ये जायचंय. अयानने डबा बघितला आणि म्हणाला, “डॅडी, इट हॅज नो व्हील्स.” मी त्याला खिडकीत बसवला. मखमलीवर रस्सा सांडू नये म्हणून शहनाझने घरची जुनी चादर अंथरली, ती मी फोटोत येऊ दिली नाही. अकरा फोटो काढले आणि स्टेटसवर टाकायला लागलो: ‘अल्हम्दुलिल्लाह, सहकुटुंब शाही सफर. समरकंद ते बुखारा.’ हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पाच मिनिटांत अम्मींचा फोन आला, गाडीत नमाजाला जागा असते का, आणि येताना जर्दाळू आण, अक्रमने आणलेले संपले.

तेवढ्यात दिवे गेले. सुदेशला वाटलं आम्ही निघून गेलो, म्हणून त्याने बाहेरून मेन स्विच बंद केला आणि तो जेवायला गेला. डब्याचा दरवाजा विजेवर सरकतो. (हे डिझाईन माझंच. साहेबांनी कौतुकही केलं होतं.) सुदेशचा फोन बंद, आणि दुसऱ्या कुणाला बोलावलं तर साहेबांपर्यंत जाणार. मी दारावर थापा मारत राहिलो, शहनाझ मोबाईल घेऊन त्या बिनपाण्याच्या बाथरूममध्ये अर्धा तास जाऊन बसली. आतून हुंदक्यांसारखा आवाज येत होता, म्हणून मी थापा आणखी जोरात मारल्या. बिर्याणी संपली. एमान खिडकीकडे बघत म्हणाली, “डॅडी, द कॅमल हॅज नॉट मूव्ह्ड सिन्स लंच.” मुलं मग खुर्च्यांवर झोपून गेली.

चार तास आम्ही त्या गाडीत होतो. मी बडबडत राहिलो की नबिलाच्या गाडीतला दिवा यापेक्षा लहान होता, मखमल हलकी होती, मला कळतं, मी रोज बघतो. शेवटी शहनाझ म्हणाली, “मला त्या दिव्याचं काही नाही हो. अक्रम नऊ दिवस नबिलाच्या शेजारी बसला होता. एकोणीस वर्षांत तुम्ही माझ्या शेजारी सलग चार तास आजच बसलात, तेही दार उघडत नाही म्हणून.” साडूभाई, मी फोरमन आहे, ओव्हरटाईमला कधी नाही म्हटलेलं नाही. चार वाजता सुदेश आला, दिवे लागले, दार उघडलं आणि ती सगळ्यात शेवटी उठली.

संध्याकाळी स्टेटसवर तुमचा निरोप आला: ‘उंटाला सलाम सांगा.’ खाई त्याला खवखवे. मी अकराही फोटो पुन्हा बघितले. सकाळ म्हणून टाकलेला, दुपार म्हणून टाकलेला, प्रत्येकात तोच उंट, त्याच टेकडीवर, मान तशीच वळवलेली. मग तुमचा खिव्याचा फोटो काढून बघितला. तुमच्या उंटाला दोन वशिंडं, आमच्या उंटाला एकच. तेव्हापासून झोप नाही. जानेवारीत मामूंच्या जहांआराचं लग्न आहे, आपण दोघं शेजारी बसणार, आणि सगळा म्हसळा विचारणार, सांगा आता सफरीचं. तुमच्या एका शब्दावर माझी बावीस वर्षं आहेत. तेव्हा हात जोडून सांगतो, तिथे उंटाचा विषय निघाला की तुम्ही पान खायला उठा. वाटलं तर त्या दिवशी बॅगही तुम्हीच उघडा, मी सतरंजीवर बसेन.

तुमचा (जळका, पण तुमचाच)
अन्वर

ता. क. तहाबरोबर खजूर पाठवले आहेत. पत्र वाचून चुलीत घालावं. नबिलाला अक्षरही कळू नये.

ता. क. २. पाकीट चिकटवताना शहनाझने पाहिलं आणि ती हसत सुटली. त्या दिवशी बाथरूममध्ये ती रडत नव्हती. नबिलाला फोन लावून दोघी हसत होत्या. म्हणजे तुम्हाला दुपारीच सगळं माहीत होतं. शहनाझ असंही सांगते की उंटाला एकच वशिंड कसं, हे अम्मींनी तुम्हालाच विचारलं आणि तुम्ही म्हणालात, तिकडे दोन्ही जातींचे असतात. साडूभाई, गाडीवर जळणं सोपं होतं. या तुमच्या चांगुलपणावर कसं जळायचं ते मला जमत नाहीये, पण प्रयत्न चालू आहे.

ता. क. ३. साहेबांकडे नऊ दिवस रजा मागितली, चार मिळाली. चार दिवसांत त्या तीन शहरांपैकी कुठलं एक होईल ते तेवढं कळवा. साधी गाडी चालेल. आणि वाळवंट कुठल्या बाजूच्या खिडकीतून चांगलं दिसतं तेही लिहा. तिथे शहनाझला बसवीन, आणि शेजारी मी बसेन.