सांगाडा वगळून पिस्तूल

मी, वेंडेल स्टॅम्पर, वय चौऱ्याहत्तर, राहणार पर्ल फोर्क, केंटकी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. जावई ब्रेंट तसं मानत नाही, पण त्याचं स्वतःचं ठिकाणावर असलेलं अजून कोणी पाहिलेलं नाही.

१. माझा ट्रक व गॅरेजमधली सर्व अवजारं बंदूकवाल्या होबार्ट कोम्ब्सला द्यावीत. तो माझे पाने नेतो आणि विसरतो. आता निदान ते कायदेशीर होईल.

२. पिस्तूल. गावात सर्वांत स्वस्त होतं ते मी घेतलं. दोन गोळ्या सुटत, तिसरी विचार करत बसे. मग मी चाप बदलला, नळी बदलली, वरची स्लाइड, नेम धरायची खूण, मूठसुद्धा. माझी कैलासवासी बायको मॅक्सीन म्हणायची, "वेंडेल, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!" खरंच होतं ते. पण मग ते लोण्यासारखं चालायला लागलं, आणि म्हणूनच ब्रेंटची लाळ गळते.

गेल्या थँक्सगिव्हिंगला टर्कीची तंगडी चघळत तो मला म्हणाला, "बाबा, तुमच्यामागे ते पिस्तूल माझंच ना? दुकानवाले मला देत नाहीत. पण सासऱ्याकडून आलं तर कोण विचारतंय?"

दुकानवाले का देत नाहीत? माझ्या मुलीला, ट्वायलाला, मारल्याबद्दल कोर्टाने त्याला दोषी ठरवलंय म्हणून. केवढा गुणी जावई! ट्वायला तेव्हा ताटात बघत होती. भर जुलैतही ती लांब बाह्या घालते. मी विचारलं तर म्हणते, "बाबा, तो मनाने वाईट नाही हो." मन दिसत नाही पोरी, हात दिसतो.

तर जावईबापूंची इच्छा मी मोडणार नाही. चाप, नळी, स्लाइड, मूठ, सगळं तेल लावून, फडक्यात बांधून त्याला द्यावं. फक्त सांगाडा नाही. आमच्याकडे कायद्याला पिस्तूल म्हणजे नंबर कोरलेला तेवढा सांगाडा. बाकीचे भाग टपालाने कुणालाही येतात, सांगाडा मात्र नाव-गाव आणि जुने गुन्हे तपासल्याशिवाय दुकानातून हलत नाही. माझा सांगाडा आज सकाळी होबार्टने माझ्यासमोर कापला. तो हळहळला, "अरे वेड्या, एवढा जीव लावलास आणि आता भंगारात?"

"जीव लावला म्हणूनच," मी म्हणालो. "काप मुकाट्याने."

उरलेल्या भागांनी ब्रेंटने खुशाल अक्रोड फोडावेत.

३. बँकेत जे आहे ते ट्वायलाचं. बघून हसू नये.

४. हे घर, मागचं आवार आणि मॅक्सीनचा शेगडीजवळचा लाकडी बाक ट्वायलाच्या एकटीच्या नावे. ब्रेंटने ओसरीची पायरीसुद्धा चढू नये.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात म्हणे. मला ते परवडणारं नाही. म्हणून याची एक प्रत आजच होबार्टच्या बायकोच्या हाती ट्वायलाला पाठवतो आहे. पोरी, कलम चारसाठी मी मरायची वाट बघू नकोस. मला तुझी फार काळजी वाटते. तुझी खोली झाडून ठेवलीय. जी गाडी हे घेऊन आलीय, तिच्यातच बस आणि ये.

सही: वेंडेल स्टॅम्पर
साक्षीदार: होबार्ट कोम्ब्स, आयना कोम्ब्स (गाडी हिचीच)
पर्ल फोर्क, १४ डिसेंबर २०२२