तीन सूत

४ जून

ती. स्व. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

सोबत पार्सल पाठवलंय. आधी पत्र वाच, मग ते उघड. नाहीतर तू कात्री घेऊन बसशील आणि पत्र राहील बाजूला.

पार्सलात बूट आहेत, तुझ्यासाठी, मी केलेले. तेहतीस वर्षं मी एक पाय आखूड असलेल्या माणसांसाठी बूट करतोय आणि सख्ख्या बहिणीला एक जोड कधी करून दिला नाही. हे मी विसरलो होतो असं समजू नकोस. भाचीला गळ घालून तुझी जुनी चप्पल मागवली, तिला रागावू नकोस. लांबीरुंदी चपलेवरून घेतली. डाव्या पायाला किती उंची द्यायची ते मात्र कुणाला विचारलं नाही. तुझं चालणं पन्नास वर्षं डोळ्यांसमोर आहे.

गेल्या रविवारी इथल्या डॉक्टरांच्या मंडळाने माझा सत्कार केला. अध्यक्ष म्हणाले, जगण्याचा हेतू सापडलेला माणूस बघायचा असेल तर या कारागिराकडे बघा. टाळ्या झाल्या. मग एकाने विचारलं की या कामाकडे कसे वळलात, तर मी म्हणालो, चामड्याची आवड. माइकसमोर धडधडीत खोटं बोललो, ताई. आठ वर्षांचा असताना गंमत म्हणून माळ्याची शिडी ओढली, वर चढलेली बहीण खाली आली, तिचं हाड आखूड जुळलं आणि मला मोठेपणी दुसरं काही सुचलंच नाही, हे सांगायची छाती झाली नाही. पाय तुझा गेला आणि नाव माझं झालं.

तेव्हा ठरवलंय, महिनाअखेर दुकान बंद. तुझ्या दुखण्यावर उभं केलेलं दुकान आता माझ्याच्याने चालवत नाही. बायको म्हणते डोकं फिरलंय. फिरलंही असेल.

बूट घालून बघ आणि कळव. लोभ ठेव, आणि कमी झाला असेल तर तेही मला कबूल आहे.

तुझा,
ठोक्या

१२ जून

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद. त्यातले दोनचार मागे घेणार होते, पण असू देत.

बूट घातले. चामडं मऊसूत, शिवण कुठे सुरू झाली नि कुठे संपली ते सापडत नाही. चार पावलं टाकली आणि उजव्या बाजूला लंगडायला लागले. जन्मभर डावीकडे झुकत आले, तुझ्या कृपेने आता उजवीकडे. तुझी भाची हसून हसून खाली बसली. मग मी पट्टी घेऊन मोजलं तर डावा बूट उजव्यापेक्षा दीड इंच उंच. अरे, एवढी लंगडी मी कधी होते? गेल्या वर्षी गुडघ्यासाठी गेले तेव्हा डॉक्टरांनी नीट मोजलंय. फरक तीन सूत. इंचाला आठ सूत हे तुला मी सांगायला नको. तू चौपट धरलास. लहानपणी हातोडी घेऊन दिसेल ते ठोकत सुटायचास, नाव काही उगाच पडलं नाही. बत्तीस वर्षं गणित शिकवलं मी, या उत्तराला कुठल्याही वर्गात शून्यच मिळेल.

आता रागाचं. शिडी तू ओढलीस हे खरं आहे. तू लहान होतास वगैरे म्हणून मी ते गोड करणार नाही. दोनतीन वर्षं मला तुझा फार राग यायचा. मैत्रिणी दोरीवर उड्या मारायच्या आणि मी पायरीवर बसून गणितं सोडवायची. पुढे गणितंच आवडायला लागली आणि राग कधी गेला ते कळलंही नाही. पण तू आजतागायत माझ्याशी छताकडे बघून बोलतोस. घरी आलास की मी उठायच्या आत पाणी आणायला पळतोस. माझ्या लग्नात सगळे माझी चाल बघत होते आणि माझा भाऊ भिंत बघत होता. त्याचा राग आहे, आणि तो ताजा आहे.

दुकान बंद करायचं तर कर, माझ्या नावाने करू नकोस. ज्यांचे जोड अर्धे झालेत त्यांना काय सांगणार आहेस? टेप घेऊन इकडे ये आणि माप घे. तुझ्या बायकोला सांग, तिचं बरोबर आहे. माया आहेच, ती काही पत्रात मागायला नको.

ताई

१९ जून

ती. स्व. ताईस सा. न.

तीन सूत वाचलं आणि पट्टीवर बोट ठेवून ते अंतर बघितलं. माझ्या फळ्यांवर चारेकशे लाकडी फर्मे आहेत, एकेका गिऱ्हाइकाच्या पायाचे. कुणाचा फरक किती ते झोपेत विचार, सांगेन. चुकला तो तुझाच.

यायला जमणार नाही, कामं फार आहेत. हे वाक्य खोटं आहे, पण खोडत नाही. खरं कारण लिहितो, पेटीत टाकायची हिंमत झाली तर तुला मिळेल.

सत्कार आटोपून घरी आलो तेव्हा मनात आलं, समजा कुणी म्हणालं की ती शिडी पुन्हा जागेवर लावून देतो, ताई धावेल, उड्या मारेल, पण मग दुकान नाही, फर्मे नाहीत, पहिल्यांदा ताठ उभी राहून आरशात बघणारी माणसं नाहीत. ताबडतोब हो म्हणायला हवं होतं ना? मी थांबलो. विचार करत बसलो. तुझ्या पायाआधी मला दुकान आठवलं. सकाळी कुलूप काढताना मला आनंद होतो, रोज होतो, आणि तो तुझ्या मोडक्या हाडातून आलाय. याची मला लाज वाटते. असला माणूस तुझ्या पायाला हात कसा लावणार?

रागावलीस तरी पत्र टाकत जा.

ठोक्या

२४ जून

चि. ठोक्यास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. उत्तर आत्ता देणार नाही. रविवारी घरी आहे, जेवायलाच ये. आला नाहीस तर हे दीड इंचवाले बूट घालून तुझ्या दुकानापर्यंत येईन आणि दारात आडवी होईन, मग निस्तर.

ताई

३० जून

ती. स्व. ताईस सा. न.

रविवारपासून एक गोष्ट खुपतेय. तोंडावर बोलता आली नाही.

सुरुवातीला माप घेताना टेप दोनदा हातातून गळून पडला. मग टाचेवर अंगठा फिरवला तेव्हा लक्षात आलं की तुझी टाच आत कलते. गुडघा दुखतो तो नुसत्या उंचीने नाही, या कलण्याने. आतल्या कडेला पातळ पाचर दिली तर निम्मं दुखणं जाईल. त्यापुढे मला शिडी आठवली नाही, माळा आठवला नाही, तूही आठवली नाहीस. हातात एक पाय होता आणि तो नीट उभा कसा राहील एवढंच डोक्यात. निघताना भाची म्हणाली, मामा, तू शीळ घालत होतास. पन्नास वर्षांनी तुझ्या पायाला हात लावला आणि मी मजेत होतो. माफी मागायला आलो होतो, ती राहूनच गेली. आता मागतो, शिडीची आणि विसरल्याचीही.

आज तीस तारीख. तुझा फर्मा अर्धा तासून झालाय. तो तसाच टाकून कुलूप कसं लावू? काय करू ते सांग, ऐकेन.

ठोक्या

५ जुलै

चि. ठोक्यास,
आशीर्वाद, सगळेच.

तुला आठवत नसेल म्हणून सांगते. मी तीनदा विचारलं की चहा घेणार का. तिसऱ्यांदा तू मान वर न करता म्हणालास, "बाई, पाय सैल सोडा." मला बाई म्हणालास, अहोजाहो करून. तुझी भाची तोंड दाबून स्वयंपाकघरात पळाली. मी गप्प राहिले, कारण मला ते संपायला नको होतं. आई माझ्या पायाकडे बघून उसासा टाकायची, बाबा तुझ्याकडे बघायचे आणि तू कुठेच बघायचा नाहीस. पन्नास वर्षं आपल्या घरात माझा पाय म्हणजे तुझा गुन्हा होता. रविवारी तो पहिल्यांदा नुसता पाय झाला, माझा. मला तुझ्याकडून हेच हवं होतं, माफी नव्हे.

शिडी पुन्हा लावायच्या प्रश्नावर तू थांबलास हे वाचून मला लागलं, ते लपवत नाही. मग स्वतःलाच विचारलं, धड पाय हवा होता की ती गणितं? चहा गार झाला तरी उत्तर येईना. तेव्हा त्या बाबतीत तुला बोलायला मला तोंड नाही.

कुलूप लावू नकोस. बूट पुरे कर, पण रांग मोडून माझे आधी करू नकोस. पार्सलही नको. तयार झाले की सगळ्यांना कळवतोस तसं कळव. मी येईन, बाकावर बाकीच्यांबरोबर बसेन. माझा नंबर आला की हाक मार. बाई म्हणालास तरी चालेल.

ताई