सहाचे चार

६ सप्टेंबर १९८२, सोमवार

फॉर्म आला! पशुवैद्यकांची विकृतिशास्त्र परिषद, डिसेंबरात, बंगलोरला. पानावर एक चौकोन छापलाय, त्यातच पेपरचा अख्खा सारांश, म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट, बसवायचा. दोनशे शब्द. रेघेबाहेर अक्षर गेलं तर बाद. तीस तारखेच्या आत पोचायला हवा.

तीन वर्षं तात्पुरती नेमणूक. प्रत्येक मुलाखतीत तोच प्रश्न — तुमच्या नावावर पेपर किती? आणि मी आपली टेबलाकडे बघत बसते. या वेळी सर स्वतःहून म्हणाले, "पहिलं नाव तुझं घाल, जयमाला. माझं मागे." रडूच यायला लागलं मला. डिपार्टमेंटमध्ये, सगळ्यांसमोर! वेडी कुठली.

९ सप्टेंबर

मुद्दा तसा सरळ आहे. रबाळ्याकडच्या कारखान्यांच्या नाल्याकाठी उन्हाळ्यात बकऱ्यांची मरतूक झाली. त्यातल्या नऊ मी स्वतः फाडून पाहिल्या. नऊच्या नऊ लिव्हर बिघडलेल्या. आता तुलनेला निरोगी जनावरं हवीत, नाल्यापासून लांबची. ती सहा आहेत. करावे गावची. त्यांच्या लिव्हर स्वच्छ निघाल्या की नाल्याच्या पाण्यावर बोट ठेवता येतं. नाही निघाल्या तर काहीच नाही.

ती सहा मिळाली आमच्या कोळंबीवाल्या गोजरामावशींमुळे. गटारीला त्यांच्या अंगणात बोकड कापले. गाव मटणासाठी ताटकळत उभं, आणि मी फॉर्मॅलिनच्या बाटल्या घेऊन लिव्हरच्या तुकड्यांसाठी! काय हसले लोक. मी विचारलं होतं, सगळे तुमचेच ना? "माझं नाय तं कोनाचं, डाक्टरीनबाय!"

१४ सप्टेंबर, मंगळवार

दत्तूने आज करावेच्या स्लाइड दिल्या. आमच्या लॅबमधला जुना हात, काप असा पातळ काढतो की बघत राहावं. पहिल्या दोन बघितल्या — स्वच्छ. तिसरी लावली.

तिसरी रबाळ्यासारखी आहे. पाचवीपण.

पेशी विरलेल्या, पित्तनलिका वाढलेल्या. तेच चित्र, थोडं सौम्य. वाटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली. देवा, झालेली असू दे! दत्तू दुखावला. "मॅडम, शाईची चिठ्ठी मी चालूच देत नाय. तुम्ही पेन्सिलीने लिहून बाटलीत टाकलेली, तीच आत आहे. फॉर्मॅलिनमधे पेन्सिल जात नाय." दोन्ही बाटल्या उघडून दाखवल्या. चिठ्ठीवर माझंच अक्षर. करावे ३. करावे ५.

१५ सप्टेंबर

पुन्हा पाहिल्या. तेच.

१७ सप्टेंबर

सरांना सांगितलं. आधी तोंडातला पानाचा तोबरा सावकाश संपवला. मग म्हणाले, "घाणेरी खाल्ली असेल. प्रत्येक कुंपणाला आहे ती. बकरीचं लिव्हर खलास करते."

हे मला माहीत नाही का! पण करावेच्या दोघांनी घाणेरी खाल्ली, तर रबाळ्याच्या नऊंनीपण घाणेरीच खाल्ली नसेल कशावरून? मग नाल्याचा काय संबंध? माझ्या हातात उरलं काय? हे बोलले मी. जरा मोठ्यानेच बोलले.

त्यावर सर म्हणाले, "अगं, दोन सोडून दे. सहाच्या जागी चार लिही. चार निरोगी, चार स्वच्छ. कोण मोजायला येणारे बोकड?"

२० सप्टेंबर

नाही लिहिणार चार.

२१ सप्टेंबर

आईचं कराडहून पत्र. धोंड्याचा महिना लागलाय, जावयाला जेवायला घेऊन ये, अनारसे करतेय. इकडे मुलगी सहा की चार करत बसलीय आणि तिकडे अनारशाचे तांदूळ भिजताहेत! नंदकुमार म्हणतो, जाऊ या की. (हो, नावानेच लिहिणार. वहीत कोण ऐकतंय?) त्याला काय जातं सांगायला.

सहा लिहिले तर ॲबस्ट्रॅक्टचा अर्थच उरत नाही. 'निरोगी जनावरांतही विकृती आढळली' — हे वाचून कोण बोलावणार बंगलोरला? पाठवलाच नाही तर पुढची मुलाखत पुन्हा टेबलाकडे बघत. आणि चार लिहिले तर... तर काहीच होणार नाही. हेच वाईट आहे. काहीच होणार नाही.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

टाइप केलं. नंदकुमारच्या ऑफिसातल्या मशीनवर, सुटल्यानंतर. चौकोनात बरोबर बसलं. एकशे अठ्ठ्याण्णव शब्द.

चार लिहिले.

२५ सप्टेंबर

रजिस्टरने टाकलं. पोस्टातल्या बाईने शिक्का मारला तेव्हा हात पुढे करून पाकीट परत घ्यावं असं वाटलं. नाही घेतलं. मागे रांग होती.

५ ऑक्टोबर

जिन्यात गोजरामावशी. पाटी उतरवून कठड्याला टेकलेल्या. "काय वो डाक्टरीनबाय, आमच्या बोकरांचं छापून आलं का कागदात?" मी म्हटलं, अजून नाही. "मंग आलं का दाकवा हां. सगल्या गावाला सांगितलंय मी!" खो खो हसल्या. मी कोळंबी नको म्हणून दार लावून घेतलं. त्यांनी काय केलंय माझं? पण त्यांच्या डोळ्यांत बघवेना. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

१२ ऑक्टोबर

बेल वाजली. आवाज ओळखला. दार उघडलं नाही.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

स्वीकारला!!

दहा मिनिटं बोलायचं, नंतर पाच मिनिटं प्रश्न. डिपार्टमेंटला पेढे दिले. सर सगळ्यांना सांगत सुटले, माझी विद्यार्थिनी, माझी विद्यार्थिनी! दत्तूने पेढा घेतला आणि म्हणाला, "मॅडम, त्या दोन स्लाइड कुठे ठेवू?" मी म्हटलं, ठेव कुठेतरी. पेढा न खाता त्याने कागदात गुंडाळला.

२७ ऑक्टोबर

दसरा. पुस्तकांबरोबर स्वीकाराचं पत्रही पूजेला ठेवायला निघाला नंदकुमार. ओरडलेच त्याच्यावर. सणाच्या दिवशी. बिचाऱ्याने पत्र परत फायलीत ठेवलं.

३ नोव्हेंबर

प्रश्नांची पाच मिनिटं. बाकी काही सुचत नाही. कुणीतरी म्हातारा प्रोफेसर उठणार, चष्मा पुसणार आणि विचारणार — निरोगी जनावरं चारच का? आज मस्टरवर सही करताना चुकून कालच्याच रकान्यात केली.

११ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी नंदकुमारला समोर बसवलं आणि अख्खं भाषण म्हणून दाखवलं. म्हटलं, आता तू प्रोफेसर, विचार काहीही. त्याला जनावरांतलं ओ की ठो कळत नाही. बँकेचा माणूस! डोकं खाजवून म्हणाला, "ते करावेचे बोकड जन्मापासून करावेलाच होते ना?"

मी म्हटलं, म्हणजे काय! गोजरामावशींचेच होते.

"त्यांचे होते गं. पण राहायला कुठे होते?"

हे मी विचारलंच नाही! कुणाचे ते विचारलं, कुठे वाढले ते नाही. मग सगळंच बोलून टाकलं त्याच्याजवळ — तीन नंबर, पाच नंबर, चार लिहिलेले. वाटलं, चिडेल. तो म्हणाला, "मग उद्या जा आणि विचार की." इतकं सोपं. दोन महिने मी काय करत होते?

१२ नोव्हेंबर

करावे. गोजरामावशी अंगणात सुकट निवडत होत्या. आधी रुसवा — "दार लावून घेता नं माझ्या तोंडावर!" मग चहा. विचारलं.

"त्यातलं दोन रबाल्याहून आनलं व्हतं. माझ्या तितल्या ननंदंला बकऱ्या वाट्यानं दिल्यात नं. पालायच्या तिनं, पिल्लं निम्मी तिची, निम्मी माझी. ती माझ्या वाट्याची."

म्हणजे रबाळ्याचीच! नाल्याचीच! नऊचे अकरा झाले, आणि करावेचे खरोखरच चार. एक क्षण मला तिथेच अंगणात नाचावंसं वाटलं. देवा शप्पथ वाटलं. सहज म्हणून विचारलं, गटारीआधी का आणले?

"ननंद परली नं आजारी. डोलं पिवलं, पोट फुगलेलं. बकऱ्यांचं कोन करनार? आता तिची सूनपन परलीय तशीच. नाल्यालगतची हीर हाय, सगली तिचंच पानी पितात."

सून कधीपासून?

"दसरा झाल्यावं. त्याच्या आदी चांगली व्हती की, भात कापत व्हती."

दसऱ्यानंतर. मी ते दोन बोकड सप्टेंबरात खोडले.