राणबाची सही

डोंगाघाट (नवीन), ता. पवनी
चैत्र संपत आला

प्रिय सेवकराम,

माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच चुलीत टाकशील, म्हणून पाकिटावरचा पत्ता आनंदाबाईकडून लिहून घेतला. बायकोचं अक्षर तू कधी पाहिलं नाहीस. आता फोडलंच आहेस तर वाच बाप्पा. काल दिवसभर तलवार धरून बोटं सुजली आहेत, तरी लिहून राहिलो. पंधरा वर्षं झाली, आपण एकमेकाशी एक शब्द बोललो नाही. तुझं दिघोरी काही लंकेत नाही, एसटीनं दोन तासात माणूस पोचते. मी दोनदा बसमध्ये बसलो आणि दोन्ही खेपेले मधातच उतरलो. फोनही एकदा लावला होता. तू "हॅलो" म्हणलास आणि मी कट केला. तो माझाच नंबर होता.

भुपेंद्र, आपल्या श्यामरावचा पोरगा, "राणबाची तलवार" सिनेमाचा दुसरा भाग काढून राहिला आहे, हे तुले ठाऊक आहेच. त्यानं तुले तीनदा फोन केला. पहिल्यांदा तू नाही म्हणलास, दुसऱ्यांदा उचलला नाहीस आणि तिसऱ्यांदा तुझ्या सुनेनं सांगतलं की बाबा बांधीत गेले. भर चैतात बांधीत काय ढेकळं मोजतोस का रे? तुझ्याकडे उन्हाळी धान नाही, हे मले माहीत आहे. सांगाची गोष्ट एवढीच की बाकी सगळं शूटिंग होत आलं, शेवटची लढाई राहिली आणि दुष्ट काळकेतूचा, म्हणजे तुझा, पत्ता नाही. भुपेंद्र म्हणते, नागपूरहून एखादा दाढीवाला आणतो, कॉम्प्युटरवर करतो काही तरी. मी त्याले म्हणलो, पाच दिवस थांब, मी एक पत्र टाकतो. तो हसला. आजकाल पत्र कोण टाकते, म्हणे.

थकलो रे सेवक. बाकी कोणाले सांगत नाही, तुले सांगतो. त्रेसष्टावं लागलं. केस काळे करून दिले तर कपाळ असं सुजलं की दोन दिवस हा तुमचा राणबा रुमाल बांधून बसला. ललकारी माराले तोंड उघडलं की वरची कवळी खाली येते. घोडा वरातीचा आहे, ढोल वाजल्याशिवाय पाऊल टाकत नाही, आणि ढोल वाजला की नाचते. मी वर, हातात तलवार, शत्रू समोर, आणि घोडा आपला ठुमकून राहिला! मंगरू तुले आठवते ना? पहिल्या भागात एकटा सहा वेळा मेला होता, दर वेळी मिशी बदलून. आता त्याच्या पायाले साखरेनं खाल्लं आहे, तर बिचारा बसल्या जागी मरते. पंचफुला आजी झाली. राजकन्येचे सगळे बोल तिले अजून तोंडपाठ आहेत, पण मधातच मले "यादोभाऊ, पाणी प्या" म्हणते आणि भुपेंद्र डोक्याले हात लावते. त्रेचाळीस डिग्रीत फोमचं चिलखत घालून उभं राहाचं म्हणजे उकडल्या शिंगाड्यासारखी गत होते. तरी सगळे येतात. जेवणाच्या सुट्टीत दरोज कोणी ना कोणी विचारते, सेवक येते का? मी म्हणतो, येते. काय सांगू दुसरं?

सत्तावीस वर्षं झाली पहिल्या भागाले. धान चुरून झालं होतं, माणसं रिकामी होती, आणि पवनीत लग्नाची शूटिंग करणारा श्यामराव कॅमेरा घेऊन आपल्या गावात आला. तेलाच्या पिप्याच्या पत्र्यातून तलवारी कापल्या. तुझी दाढी बकरीच्या केसांची होती, हनुवटीवर पुरळ आले तरी तू अकरा दिवस हूं का चूं केलं नाहीस. एक गोष्ट मात्र लोक विसरले, तू आणि मी विसरलो नाही. राणबा तू होणार होतास. आवाज तुझा होता, तलवारीचा हात तुझा होता. पण बँडवाल्याकडून आणलेला तो लाल कोट तुझ्या पोटावर लागेना, एक बटण तुटून चुलीत गेलं, आणि मले तो असा बसला की जसा माझ्याच मापाचा शिवला. श्यामराव म्हणला, चाल, कोट ज्याचा राणबा त्याचा. आपण किती हसलो होतो त्या दिवशी!

मग मंडईच्या जत्रेत सिनेमा लागला आणि हसू सरलं. साऱ्या झाडीपट्टीत त्याच्या सीड्या गेल्या. मी जिकडे जाईन तिकडे हार. माझ्या सह्या घेत होते लोक, आणि मी वळणदार "राणबा" लिहून देत होतो. शाळेच्या हजेरीत होतं ते नाव जसं माझं नव्हतंच! आणि तुले? पवनीच्या बाजारात त्या बाईनं तुले वांगे द्याले नाही म्हणलं. राजकन्येले जहर दिलंस, म्हणे, आता वांगे काय मागतोस. तू ते रंगवून रंगवून सांगत होतास. पण एका बरसातीत तू पोराले घेऊन दवाखान्यात गेला होतास आणि रांगेतल्या बायका तुझ्याकडे पाहून सरकल्या, ते तू हसून सांगतलं नाहीस. मुंगी पायाखाली आली तर बाजूले होणारा माणूस तू. आणि मी, ज्यानं लहानपणी तुझ्या बाच्या बोडीतले शिंगाडे चोरून नाव मंगरूवर घातलं, मी गावाचा तारणहार.

इकडचं सांगतो. तू नवीन गाव पाहिलंच नाहीस, गाव धरणात जाताना सामान बैलगाडीत भरून सरळ सासुरवाडीले गेलास. इथे रस्ते पट्टीनं आखल्यासारखे आहेत आणि घरायले नंबर आहेत. मी सत्तेचाळीस. बाकी ठीक म्हणाचं. दर मंडईले पंचफुलाच्या घरासमोर पडदा लावून आपला सिनेमा दाखवतात. मले पहिल्या वर्षी वाटलं, माझ्यासाठी गर्दी आहे. मी समोर खुर्ची टाकून बसलो होतो. माझी एंट्री आली, आणि मागून रत्नाबाई पडद्यावरच्या मले वरडली, "सरक ना बे राणबा, माझं आंगण झाकून राहिलास!" कोणीच मले पाहत नव्हतं रे. मागचं पाहत होते. तो पार, ती शाळेची ओसरी, ते मोहाचं झाड, कोणाची गाय, कोणाचं वाळत घातलेलं लुगडं. आता तिथे पाणी आहे, आणि जुनं गाव कोणापाशी फोटोतही धड नाही. जे आहे ते त्या सिनेमात, माझ्या पाठीमागे. लोक मनातल्या मनात मले उचलून बाजूले ठेवतात आणि आपलं घर पाहतात.

आणि तुझी माय. तुझी-माझी पहिली लढाई चालू असताना गोदावरीबाई डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन सरळ मधात आली होती, आठवते? "सेवक, भात निवून राहिला, जेव आधी, मग मार त्याले." श्यामरावनं तो तुकडा कापलाच नाही, रीळ वाया जाते म्हणून की काय, देव जाणे. तुझी माय गेली त्याच्या पुढच्या मंडईले तो तुकडा आला आणि सारा पेंडॉल उभा राहिला. कोणी कोणाले सांगतलं नव्हतं. तुले हे कोणी कळवलं का नाही माहीत नाही. मी कळवाले पाहिजे होतं. मयतीलेही मी आलो नाही, तोंड नव्हतं.

आता त्या सभेचं लिहितो, नाही तर हे पत्र गोल गोल फिरत राहील. शाळेच्या ओसरीत सभा होती. धरणाचे साहेब आले होते, संमतीचे कागद घेऊन. तू आदल्या रात्री माझ्या घरी आला होतास आणि शांतपणे सांगतलं होतंस की यादो, गाव हलणारच आहे, ते कोणी अडवू शकत नाही, पण नवीन जागेवर पहिले धानाच्या पाण्याची बोडी खोदून घ्या, मग सही द्या. बोडी नाही तर धान नाही, आणि एकदा सही गेली की आपलं कोणी ऐकणार नाही. मी हो म्हणलो होतो. देवाशपथ हो म्हणलो होतो. पण दुसऱ्या दिवशी तो साहेब मले पाहून खुर्चीतून उठला. "अरे, तुम्हीच ना राणबा? माझ्या पोरायनं दहादा पाहिला." त्यानं मले बाजूची खुर्ची दिली. कागद पहिले माझ्यासमोर ठेवला. बोडीचं मी विचारलं, तर ती नकाशात आहे, म्हणला. साऱ्या गावाची नजर माझ्यावर होती. आणि मले काय झालं सांगू? मले तो लाल कोट अंगात आल्यासारखा वाटला. मी पेन उचलला आणि सवयीनं "राणबा" अशी सही केली. साहेब हसला, लोक हसले, मी पण हसलो. मग खाली खरं नाव लिहिलं. त्यानं मले एक दमडी दिली नाही सेवक. दिली असती तर निदान चोर म्हणून सुटलो असतो. मी फुकटात विकल्या गेलो, एका खुर्चीवर.

तू तेव्हा उठून उभा राहिलास. "थांबा, पहिले बोडी," एवढंच म्हणलास. मागून कोणी शिट्टी मारली, कोणी म्हणलं काळकेतू आला. ते पोट्टे होते, त्यायचं सोड. पण मी काय केलं? सिनेमातला माझा बोल होता ना, तोच मी भर सभेत, त्याच आवाजात, हात वर करून तुझ्यावर टाकला. "काळकेतू, खाली बस!" टाळ्या पडल्या. तू माझ्याकडे पाहिलंस. खाली बसला नाहीस, निघून गेलास. आणि त्या टाळ्यायमध्ये एकामागून एक सारं गाव सही करून मोकळं झालं. राणबानं केली म्हणून केली. तो कोट तुले बसला असता तर गावानं तुझं ऐकलं असतं. या विचारानं माझी किती वर्षं झोप गेली ते आनंदाबाईले विचार.

बोडी अजून नकाशातच आहे. गावाच्या उगवतीले चार एकर उघडी जागा सोडली आहे, तिथे पोट्टे क्रिकेट खेळतात आणि कोणी धान लावत नाही. अर्धं गाव मजुरीले कोंढ्याकडे जाते. मले कोणी बोलत नाही रे, हेच वाईट आहे. कोणी एक जरी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. उलट रस्त्यात भेटले की "राम राम, राणबा" म्हणतात, प्रेमानं.

आता काहून लिहिलं ते सांगतो. शेवटच्या लढाईचा थर्माकोलचा किल्ला भुपेंद्रनं त्याच चार एकरात उभा केला आहे, आणि गर्दी म्हणून सारं गाव येणार आहे, रत्नाबाईपासून मंगरूपर्यंत, ज्यायनं सह्या केल्या ते सगळे. मी भुपेंद्रले सांगतलं की या खेपेले राणबा हरते. तो म्हणला, काका, लोक खुर्च्या फेकतील. मी म्हणलो, फेकू दे, नाही तर मी कोट घालत नाही. तो कबूल झाला आहे, पण नागपूरच्या दाढीवाल्याकडून हरण्यात काय अर्थ आहे? तू ये. येत्या सोमवारी, पहिल्या एसटीनं. तलवार माझ्या गळ्याले लाव आणि काळकेतूचा बोल राहू दे, त्या सभेत जो बोडीचा बोल तुले पुरा करू दिला नाही तो म्हण, सावकाश, साऱ्यायले ऐकू जाईल असा. कॅमेरा चालू राहील, मी मधात बोलणार नाही. तुझं म्हणून झालं की मी साऱ्या गावासमोर खाली बसीन. फक्त एक कर. माझे दोन्ही गुडघे गेले आहेत, खाली बसलो की आपलं आपण उठता येत नाही. हात तुलेच द्यावा लागेल.

पहिल्या एसटीची वाट पाहणारा, तुझाच,
यादोराव