कॅम्परची सुरगाठ

लारिसा,

मी परत रेजायनाला, तुझ्या आईकडे दवाखान्यात निघालोय. उद्यापासून बर्फ सांगितलाय, तेव्हा अंगणातला कॅम्पर, आपलं ते चाकांवरचं घर, आजच झाकून टाक. ते निळं प्लास्टिक घेऊ नकोस. मागच्या हिवाळ्यात मी शहाणपणा करून तेच घातलं आणि आत सगळी बुरशी धरली. आईने वर्षभर ऐकवलं मला. शेडमधलं राखाडी कापडी कव्हर घे. पुढची बाजू ठोकळ्यावर उचल, म्हणजे छतावर पाणी साचणार नाही. नळांत न गोठणारं गुलाबी औषध मी ओतलंय.

झाकलास की फोटो पाठव. ती रोज सकाळी विचारते, "ओरेस्ट, कॅम्पर झाकलास ना रे?" आणि मी तीन दिवस हो म्हणतोय.

दोऱ्यांना सुरगाठच मारायला सांगितलंय तिने. मे महिन्यात तळ्यावर निघताना तिला ती एका ओढीत सोडायचीय. डॉक्टर काय म्हणाले ते तुला मी सांगितलंच आहे.

सुरगाठ वाऱ्याने सुटते, म्हणून दरवर्षी मी तिच्या नकळत वर दुसरी गाठ मारायचो आणि मेमध्ये तिच्याआधी जाऊन सोडायचो. यंदा तू मारू नकोस. कव्हर उडालं तर उडू दे. फोटोत सुरगाठ दिसली पाहिजे.

बाबा