आवाज वाढव

ताई,

"लग्नाच्या व्हिडिओत तू सारखी स्पीकरपाशी का घुटमळतेस गं?" असं काल तू फोनवर विचारलंस. मी म्हटलं, गाणी बदलत होते. खोटं बोलले. खरं इथे लिहितेय, पण हे तुला पाठवायची हिंमत माझ्यात नाही.

त्या दिवशी बाबा खोलीत पडून होते ते आम्ही सगळ्यांना सांगितलं तसं पाठ धरली म्हणून नव्हे. त्यांना सकाळपासून ताप होता. बंद दाराआडून त्यांनी मला बजावलं, "साथीपायी दोनदा पुढे ढकललंय, आता नाही. माझा खोकला ऐकला तर मंडळी उठून जातील. तू गाण्यांचा आवाज वाढव." जन्मभर 'कमी करा तो आवाज' म्हणून आपल्यावर खेकसणारा माणूस!

मग ते खोकले की मी आवाज वाढवायची. घरात जेमतेम आठ माणसं आणि नुसता दणदणाट. तुझे सासरे म्हणालेसुद्धा, "धाकटीला भारी हौस!"

तुम्ही सह्या केल्यात, टाळ्या वाजल्या आणि आतला खोकला थांबला. औषध लागू पडलं, असं वाटलं मला. हायसं वाटलं गं. मी आवाज कमी केला आणि कितीतरी वेळाने हसले.

तुम्ही निघाल्यावर मी दार उघडलं. बाबा रात्री झोपेत गेले, असं आम्ही तुला सांगितलं ते त्यानंतर.

माझ्या त्याच हसण्याचा फोटो तू मोठा करून भिंतीवर लावलायस. तो काढ, असं कोणत्या तोंडाने सांगू?

तुझी,
धाकटी