भाकरीवर काय लिहिलंय

मंगळवार, ९ डिसेंबर, शेणवा

पोरीचा डबा आज भरलेलाच परत आला. नाचणीची भाकरी आणि वालाची भाजी, दोन्ही तशीच. कॉलेजातून येताना कल्याणला बर्गर खाल्ला म्हणे. मी म्हटलं, त्यात आहे काय गो, मैदा नि तेल. तर मोबाइलमधला फोटो पुढे केला. "बघ, मेन्यूकार्डावर कॅलरी, प्रोटीन सगळं लिहिलंय. तुझ्या भाकरीवर काय लिहिलंय?"

मला रागच आला. लिहिलं म्हणजे चांगलं? किती वाईट आहे तेपण तिथंच लिहिलेलं असेल ना.

शेवटी ती भाकरी मीच खायला घेतली. थापताना उमटलेली माझी बोटं तिच्यावर तशीच होती. बारावीला पहिली आलेली पोर, आणि एवढं वाचता येत नाय तिला.